उसनी चाल

गेल्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, एका गुरुवारी सकाळी नऊ ते सव्वानऊच्या दरम्यान, गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या एका घरातून सहासष्ट वर्षांची बाई बाहेर पडली आणि परत आली नाही. अंगावर हिरवं लुगडं, तपकिरी स्वेटर, पायांत निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला. दुपारी बाराला पोलिस ठाण्यात नोंद झाली. ‘कुठे गेली असण्याची शक्यता’ या रकान्यात लिहिलं आहे : देवरी, माहेर.

ही माहिती चुकीची होती. ती तिच्या नवऱ्याने दिली होती.

तिचा नवरा माझा घरमालक. वय सत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत आणि तिला काकी. मी एका दैनिकाच्या गोंदिया कार्यालयात काम करतो आणि सहा वर्षं त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो आहे. या सहा वर्षांत गुरुजींची दिशा चुकलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

गुरुजी चालत असत. गोंदियात सकाळी चालणारे पुष्कळ आहेत. डॉक्टरांनी सांगितलेले, बूट घातलेले, हात जोरजोरात हलवणारे. गुरुजी त्यांच्यातले नव्हते. त्यांची चालायची वेळ ठरलेली नसे, रस्ताही नसे. ठरलेलं असे ते एवढंच, की आज कशाचं चालायचं. एखाद्या दिवशी कानाचं : जिकडून आवाज येईल तिकडे वळायचं, डोळे जमिनीवर. एखाद्या दिवशी तळव्याचं : अनवाणी, धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे खाचरांमधल्या, मातीच्या अरुंद धुऱ्यांवरून, एक पाऊल पूर्ण टेकल्याशिवाय दुसरं उचलायचं नाही. आणि आठवड्यातून एखाद्या वेळी उसनं.

उसनं म्हणजे दुसऱ्याची चाल. रस्त्यात कोणी माणूस दिसला की गुरुजी पंधरा-वीस हात अंतर ठेवून त्याच्या मागे निघत आणि त्याच्यासारखे चालत. खांदे तसेच, टाच तशीच, थांबणं तसंच. दूधवाला, पोस्टातली बाई, म्हैस. त्या चालीत वजन कुठे पडतं हे अंगाला समजेपर्यंत ते मागे राहत. समजलं की रस्ता सोडून घरी येत.

आल्यावर जुन्या कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने एक रेघ काढत. हात न उचलता, एकच. तो नकाशा नसे. मी एकदा विचारलं, “ही कुठली वाट?”

“वाट नोहे. जेथी जाड आहे तेथी पाय जड झाला.”

“आणि इथे तुटली आहे ती?”

“तेथी मी नोहतो. मन बाजारात गेलं होतं.”

काकी ही पानं डब्यांच्या तळाशी घालत. तूरडाळीखाली एक आणि पोह्यांखाली एक अशा दोन रेघा मी स्वतः पाहिल्या आहेत.

त्या गुरुवारी साडेबाराला गुरुजी बस स्थानकावर होते. मी कार्यालयातून तिथे पोचलो. देवरीच्या दोन गाड्या सुटून गेल्या होत्या. पहिल्या गाडीच्या वाहकाला फोन लागला. हिरव्या लुगड्याची बाई चढली नव्हती. दुसऱ्याचा फोन बंद होता. एका हवालदाराला या कामावर नेमलं होतं. मूळचा बालाघाटकडचा, हिंदी बोलणारा, स्वभावाने बरा. त्याने विचारलं, “मास्टरजी, देवरी में कौन है उनका?”

“कोणी नाई. मायबाप जाऊन तीस वर्षं झाले.”

“तो फिर जाएंगी किसके पास?”

“दोन महिन्यापासून तेच म्हणून राहिली. मले माहेरी नेऊन द्या.”

काकींना दोन वर्षांपासून विसरायला होत होतं. आधी भाजीत दोनदा मीठ. मग मला मुलाच्या नावाने हाक. मग एक दिवस त्या चुलीसमोर बसून विचारत होत्या, की हे घर कोणाचं. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, फाटकाला कडी लावा म्हणून सांगितलं. गुरुजींनी कडी लावली आणि स्वतःचं लांबचं चालणं बंद केलं. अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत. एकदा मी वरून पाहत असताना काकी ओसरीवरून म्हणाल्या, “घाण्याचा बैल झाला काय गा हा माणूस?” गुरुजी थांबले. “माही आठवण आली म्हणायची तुले,” असं म्हणून ते पुन्हा चालू लागले.

त्या सकाळी गुरुजी आंघोळीला गेले होते. पंधरा मिनिटं. मी सव्वाआठला मोटारसायकल घेऊन बाहेर पडलो होतो. फाटकाची कडी मी परत लावली होती की नाही, हे मला सांगता येत नाही.

गुरुजींच्या उसन्या चालीने एकदा मारामारीची वेळ आणली होती. प्रसंग धान्यबाजारातला, माझ्यासमोरचा. तांदळाचा एक जाडजूड व्यापारी दुकानांच्या रांगेतून चालला होता आणि त्याच्या मागे गुरुजी तंतोतंत त्याच्यासारखे. हमाल हसायला लागले. व्यापाऱ्याने वळून पाहिलं, परत आला आणि गुरुजींची कॉलर धरली.

“ए मास्टर! मेरी नकल उतार रहा है? पूरी लाइन हँस रही है!”

“नकल नोहे सेठ.”

“तो क्या है? भक्ती है?”

गुरुजींनी कॉलर सोडवायचा प्रयत्न केला नाही. ते म्हणाले, “तुमी डाव्या टाचेवर वजनच देत नाई. म्हणून उजवा खांदा खाली येऊन राहिला. मी दुकानं चार चाललो तं माही कंबर भरून आली. टाच दाखवा कोणाले.”

व्यापाऱ्याचा हात कॉलरवर तसाच राहिला. “दो महीने से दर्द है,” तो म्हणाला. “किसने बताया तेरे को?”

“तुमची डावी चप्पल. तिची टाच नवी दिसते.”

हमालांनी व्यापाऱ्याच्या पायांकडे पाहिलं. व्यापाऱ्यानेही पाहिलं. कॉलर सुटली. नंतर काही दिवस पानठेल्यावरची पोरं गुरुजींना अडवून म्हणत, “गुरुजी, आमची चाल पाहा ना, लग्न कधी होईन ते सांगा.” गुरुजी म्हणत, “सांगून चालशील तं खोटं चालशील.”

त्यांच्याबद्दल अशा बऱ्याच गोष्टी सांगितल्या जातात. सगळ्या खऱ्या नाहीत. तळ्याकाठी सकाळी चालणाऱ्यांच्या मंडळाने त्यांना मार्गदर्शनाला बोलावलं आणि त्यांनी सगळ्यांना अर्धा तास नुसतं उभं केलं, ही खरी आहे. मी बातमीसाठी गेलो होतो आणि मीही उभा होतो. एक जण म्हणाला, “गुरुजी, चालायचं कधी?” ते म्हणाले, “तुमी उभेच नाई राहून राहिले अजून.” मंडळाने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. मुलाने नागपूरहून पावलं मोजणारा पट्टा पाठवला आणि गुरुजींनी तो गुराख्याच्या बकरीच्या गळ्यात बांधला, हीही खरी. रात्री मुलाने फोनवर अभिनंदन केलं. काकी मागून ओरडल्या, “त्याले सांगा, तुह्या बापानं आज बोरीचा पाला खाल्ला.”

मला त्यांनी एकदाच सोबत नेलं. तळव्याचं चालणं होतं. पावसाळा संपता संपताचे दिवस, दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या, मध्ये हातभर रुंदीचा धुरा. पन्नास पावलांत मी दोनदा घसरलो. गुरुजी मागे वळले नाहीत. म्हणाले, “तू आधीच त्या टोकाले पोचून राहिला. पाय बिचारा मागून येऊन राहिला.”

मी विचारलं, “गुरुजी, तुम्हाला कोणाची चाल जमली नाही असं झालंय?”

त्यांनी पुढचं पाऊल पूर्ण टेकवलं. मग म्हणाले, “घरची.”

काकी त्यांच्यासोबत कधी गेल्या नव्हत्या. त्या कामाला जात आणि हे चालायला, आणि दोन्हींच्या वेळा वेगळ्या. तीन एकर शेत होतं तोवर काकींनी स्वतःच्या बांध्यांत आणि पातीला पात, म्हणजे ओळीच्या कामाला ओळीचं काम, देण्यासाठी शेजाऱ्यांच्या बांध्यांत तीस वर्षं रोवणा केला, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावली. गुरुजी त्या वेळी शाळेत असत.

एक वाजून वीस मिनिटांनी आम्ही बस स्थानकावरून घरी आलो. देवरी ठाण्याने तिथल्या थांब्यावर माणूस उभा केल्याचा निरोप आला होता. मुलगा नागपूरहून गाडीत बसला होता आणि दर दहा मिनिटांनी फोन करत होता. गुरुजींनी फोन माझ्या हातात दिला आणि ते काकींच्या खाटेवर जाऊन बसले. मग उठले. खाटेपासून दारापर्यंत चालत गेले. परत आले. पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी ते दाराजवळच्या खुंटीपाशी थांबले.

“इथी पाल होती.”

“कसली पाल?”

“मेणकापडाची. रोवण्यात बाया डोक्यावरून घेतेत ते. तीन वर्षं झाले, कोणी हात नोहता लावला.”

खुंटी रिकामी होती. खाली भिंतीला मेणकापडाच्या आकाराचा धुळीचा डाग होता.

ते ओसरीच्या पायरीवर बसले. त्यांचा आवाज बदलला होता. “चहाच्या वक्ती ती बोलली होती. रोवण्याले जातो, बाया थांबल्या असतीन. मी हो म्हटलं. ऐकलं नाई, नुसतं हो म्हटलं. अन् ठाण्यात जाऊन माहेर लिहून आलो.”

“पण गुरुजी, जानेवारीत कुठला रोवणा?”

“उन्हाळी धानाचा. नहरावर ज्याईची शेती आहे, त्याईचा लागून राहिला ना आता.”

कालवा घरापासून चार किलोमीटरवर आहे. मी मोटारसायकल काढली. गुरुजी बसायला तयार होईनात.

“गाडीवरून तिची वाट दिसनार नाई.”

“चार तास होऊन गेलेत गुरुजी. दोन तासांत उतरतं ऊन. बसा.”

“तू जा. तू तेथून पाहत ये, मी इथून पाहत येतो.”

आणि ते निघाले. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ते फाटकाबाहेर उभे होते. डावीकडे रस्ता, उजवीकडे शेतातून जाणारी वाट. त्यांनी उजवीकडची घेतली. ते जोरात चालत नव्हते. याचा मला त्या वेळी राग आला.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी कालव्याच्या काठावर चपला सापडल्या.

निळ्या पट्ट्याच्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या. उन्हाळी धानाच्या पिकासाठी कालव्याला पाणी सोडलेलं होतं. काठोकाठ नाही, पण माणूस बुडेल एवढं. काठालगत मुरमाची गाडीवाट, तिच्या पलीकडे गवताचा पट्टा आणि लगेच एक मोठी बांधी. बांधीत चिखल करून, पाणी काढून ठेवलेलं होतं. रोवणा दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. त्या ओल्या चिखलात अनवाणी पावलांची एक ओळ होती, पलीकडच्या कोपऱ्यापासून निघून कालव्याच्या दिशेला आलेली. बोटं कालव्याकडे.

हवालदार माझ्यामागोमाग पोचला. त्याने पावलं पाहिली, चपला पाहिल्या, पाणी पाहिलं. टोपी काढली. “साफ है,” तो हळू आवाजात म्हणाला. “खेत से आईं, चप्पल उतारी...” मग त्याने पाणी बंद करण्यासाठी फोन केला आणि मासेमारांना जाळी घेऊन बोलावलं.

पंधरा मिनिटांत साठ-सत्तर माणसं जमली. आसपासच्या बांध्यांतले मजूर, वाटेवरचे लोक, त्या बांधीचा मालक. सगळे कालव्याच्या काठावर, तोंडं पाण्याकडे. कोणी तरी खाली दोनशे हातांवर काही तरी हिरवं दिसलं म्हणून ओरडलं. सगळे तिकडे धावले. शेवाळाचा पुंजका होता. माझ्या कार्यालयातून फोन आला. मी एक ओळ सांगितली : मुर्रीतील बेपत्ता वृद्धा कालव्यात बुडाल्याची शक्यता, शोध सुरू. तेव्हा दोन वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती.

गुरुजी तीन वाजून दहा मिनिटांनी आले. लोकांनी वाट करून दिली. एका म्हाताऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते चपलांपाशी उकिडवे बसले. एक उचलली, उलटी करून पाहिली, अंगठा तळाशी फिरवला आणि होती तशी ठेवली.

“कोणी सरकवल्या काय ह्या?”

“नहीं मास्टरजी, हाथ नहीं लगाया किसी ने.”

“तोंड कोणीकडे आहे यांचं?”

हवालदाराला प्रश्न समजला नाही. मी खाली पाहिलं. चपलांची पुढची टोकं बांधीकडे होती.

गुरुजी उठले, गवताच्या पट्ट्यावर गेले आणि पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. बराच वेळ. मंडळाच्या लोकांना त्यांनी उभं केलं होतं तसेच. मग गवताकडे बोट दाखवून विचारलं, “चिखलातून आली तं इथी चिखल कोठी आहे?”

गवत कोरडं होतं. मुरुमही. चपलांनाही चिखल नव्हता.

हवालदार म्हणाला, “धूप है, सूख गया होगा.” पण तो वाकून पाहू लागला.

गुरुजींनी धोतर वर खोचलं, चपला काढल्या आणि ते बांधीत उतरले. गवताजवळच्या शेवटच्या दोन पावलांत त्यांनी आपले दोन पाय ठेवले. तोंड कालव्याकडे, आमच्याकडे. त्यांचा पाय त्या ठशापेक्षा मोठा होता, म्हणून त्यांनी तळवे आत आवळून घेतले. ते सरळ उभे राहिले आणि डुलले. पुन्हा उभे राहिले, पुन्हा डुलले. पावलं एकापुढे एक नव्हती. शेजारी शेजारी होती, फाकलेली, जोडी-जोडीने.

“उभ्यानं नाई राहता येत इथी,” ते म्हणाले. आम्हाला नाही, स्वतःलाच. त्यांनी गुडघे वाकवले. कंबर वाकवली. उजवा हात आपोआप खाली गेला आणि चिखलाला लागला. जिथे लागला तिथे चिखलात आधीच तीन बोटांचं भोक होतं. त्याच्या डावीकडे एक वीत अंतरावर दुसरं. मग तिसरं. बगळ्यांनी चोची मारल्यासारखी ती भोकं आम्ही सगळ्यांनी पाहिली होती आणि बगळ्यांचीच समजलो होतो.

गुरुजींनी वर पाहिलं नाही. उजवा पाय उचलून मागच्या ठशात ठेवला, मग डावा. बोटं टेकवली. पुन्हा मागे. वाकलेल्या कमरेने ते कालव्यापासून दूर, पाठमोरे सरकू लागले.

“अरे, क्या कर रहे हैं? मास्टरजी! बाहर आइए!” हवालदार ओरडला. मग मला म्हणाला, “सदमा लगा है. पकड़ के लाओ.”

बांधीचा मालक आत उतरला आणि त्याने गुरुजींचा दंड धरला. “गुरुजी, चला. बसा जरा. पाणी प्या.”

“सोड.”

“अजी, माणसं पाण्यात उतरून राहिले, अन् तुमी—”

“सोड रे बाप्पा. ती पाण्यात नाई गेली. मले तिच्या चालीनं जाऊ दे.”

मजूर बायांच्या घोळक्यात एक चाळिशीची बाई होती, अजून हातात चहाचा कागदी कप धरलेली. तिने कप टाकला. “अवो माय,” ती म्हणाली, “हे रोवण्याचे पाय होत. रोवणारी मागंच सरकते ना! चपला काठावर काढून बांधीत उतरली ते, अन् रोपाबगर नुसती बोटं टोचत गेली.” तिने शेजारणीच्या दंडावर थापड मारली. “रोज करतो आपण अन् आपल्यालेच नाई दिसलं!”

सत्तर माणसं पाण्याकडून वळून चिखलाकडे पाहत होती. पावलं मागे मागे जात बांधीच्या पलीकडच्या कोपऱ्यात संपत होती. तिथे बाजूच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, मातीच्या पाळीचं टोक आलं होतं. माणसापेक्षा उंच. पाळीच्या पलीकडे काय आहे, असं हवालदाराने विचारलं.

“माहीच दुसरी बांधी,” मालक म्हणाला. “उद्यासाठी धानाचे पऱ्हे उपटून ठेवले आहेत जुड्या बांधून.” आणि मग त्याचं तोंड उघडं राहिलं.

ती मजूर बाई धुऱ्यावरून पळत सुटली. तिच्यामागे दोघी-तिघी. मी पळालो. गुरुजी पळाले नाहीत. ते अर्ध्या बांधीत होते, वाकलेले, आणि एक पाय, दुसरा पाय, बोटं, असं त्यांचं चाललं होतं. बाई पाळीवर चढली आणि तिने दोन्ही हात वर केले.

“आहे! आहे गा! जित्ती आहे!”

तीन वाजून बत्तीस मिनिटं. काठावर आरडाओरड झाली. पाण्यातल्या मासेमारांनी जाळी सोडून दिली.

पाळीच्या पलीकडे काकी वाकून धान लावत होत्या. डोक्यावरून मेणकापड, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, स्वेटर कोपरापर्यंत चिखलाने माखलेला. बांधीचा कालव्याकडचा कोपरा, खाटेएवढ्या चार जागा मावतील इतका, लावून झाला होता. ओळी सरळ होत्या. हात थरथरत होते आणि ओठ काळसर पडले होते. पाण्याची बाटली, भाकरी, जवळ काही नव्हतं. मजूर बाईने त्यांना धरलं तेव्हा त्या रागावल्या. “पात सोडून कायले आल्या वो? तुमची पात मागं राहिली.”

गुरुजी पाळीला वळसा घालून आले. त्यांना सरळ उभं राहता येत नव्हतं. मालकाने काखेत हात घातला होता. ते बांधीच्या कडेला थांबले. काकींनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही हे सांगणं कठीण आहे. त्यांच्या तोंडून वाक्य आलं ते असं :

“चिखलात नोका येऊ. तुमाले नाई जमनार.”

“मघाशी आलो,” गुरुजी म्हणाले. “अर्धी बांधी आलो.”

“मंग कंबर दुखत असन.”

“दुखून राहिली.”

“पहिल्या दिवशी दुखतेच,” काकी म्हणाल्या आणि पुढची जुडी घ्यायला वाकल्या. ती त्यांच्या हातातून काढून घ्यायला तिघी बाया लागल्या.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी मी कार्यालयात फोन करून आधीची ओळ मागे घेतली. ती छापली गेली नाही. संकेतस्थळावर मात्र गेली होती. काढायला बावीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात गाडीत बसलेल्या त्यांच्या मुलाने ती वाचली होती.

काकींना रुग्णालयात दोन दिवस ठेवलं. अंगातलं पाणी कमी झालं होतं, पायांच्या बोटांत भेगा पडल्या होत्या. हवालदाराने गुरुजींचा जबाब घेतला. ‘कसे समजले’ या प्रश्नावर त्याने तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलं आणि शेवटी लिहिलं : ‘चिखलातील पावलांवरून’. गुरुजींनी सही केली आणि म्हणाले, “त्याच्यात हेही लिहा, की माहेर मी चुकीचं सांगतलं.” हवालदार म्हणाला, “उसकी ज़रूरत नहीं है मास्टरजी.” गुरुजी म्हणाले, “आहे.” ते वाक्य जबाबात आहे. मी पाहिलं आहे.

मुलाने दोघांना नागपूरला न्यायचा आग्रह धरला. बोलणं तीन दिवस चाललं, शेवटी आवाज चढले. मुलगा म्हणाला, “बाबा, पुढच्या वेळी त्या नहरात खरंच जाईल ती. तेव्हा काय चालून दाखवणार आहात?” गुरुजी आणि काकी इथेच राहिले. फाटकाला बाहेरून दुसरी कडी बसवली आणि ती लावली आहे का हे मी आता जाताना दोनदा पाहतो.

उसनं चालणं त्यांनी सोडलं आहे. कॅलेंडरची कोरी पानं ओसरीवर पडून असतात.

फेब्रुवारीच्या मध्यावर बांधीच्या मालकाचा मला फोन आला. त्या दिवशी पोलिसांनी फिरवलेल्या शोधपत्रकावर माझा नंबर होता. त्याने सांगितलं, की मजुरांनी तो कोपरा उपटून पुन्हा लावू का म्हणून विचारलं होतं, पण रोपं धरली आहेत, म्हणून त्याने नको म्हटलं. मी हे गुरुजींना सांगितलं. ते “हो” म्हणाले. मग थांबून मला पुन्हा सांगायला लावलं.

त्या बांधीतलं धान मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात कापलं. कापणीच्या दिवशी गुरुजी आणि काकी सकाळी सव्वापाचला घरून पायी निघाले, काकी थांबतील तिथे गुरुजीही थांबत, आणि आठ वाजता बांधीवर पोचले. अंतर चार किलोमीटर आहे.